सोलापुरात हिवाळ्यात शिकारी पक्षी कुठे दिसतात? नवख्याला गणनेत भाग घेता येतो का?

हो, नक्की येतो. शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक दिसणं आता फार दुर्मिळ झालंय, पण थंडीत माळावर भोवत्ये (हॅरिअर) हे शिकारी पक्षी येतात, थेट मध्य आशियातून. ते ऑक्टोबर ते मार्चपर्यंत असतात आणि नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी खातात.

भोवत्या झाडावर नाही, गवतात जमिनीवरच रात्र काढतो, तीही बऱ्याचदा घोळक्याने. म्हणून मोजणी संध्याकाळी करतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर बसायचं, प्रत्येकाने एक दिशा वाटून घ्यायची आणि गवतात उतरलेला पक्षी वेळेसह लिहायचा. उठून पुन्हा बसलेला दोनदा धरायचा नाही, नवखे इथेच चुकतात.

राखाडी नर दिसला तर पंख बघा. वरून काळी आडवी पट्टी असेल तर माँटेग्यूचा भोवत्या, टोकाला नुसती काळी पाचर असेल तर पांढुरका भोवत्या, या दोन वेगळ्या जाती. माद्या ओळखता नाही आल्या तर सरळ ‘भोवत्या’ एवढंच लिहा. अंदाजाने नाव टाकलेलं मला अजिबात चालत नाही.

वनविभागाची परवानगी घ्या, गवतात शिरू नका. वाटेत काळवीट दिसतीलच, नशीब असेल तर लांडगाही.