ऑफर लेटर आलंय, पण विचारू कसं?

निकाल लागले की या सदराकडे नोकरीच्या पत्रांचा ओघ सुरू होतो. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माझी 32 वर्षं गेली. पहिली तीन शॉप फ्लोअरवर, पुढची 29 पर्सोनेल खात्यात, म्हणजे माणसं कामावर घेण्याच्या खात्यात. नोकरी मागणारे आणि देणारे, दोन्ही बाजू जवळून पाहिल्यात, म्हणून उत्तरं द्यायचं धाडस करतो. या वेळी चार पत्रं घेतली आहेत.

काका, मी सिन्नरची. यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला सिलेक्शन झालंय. इंटरव्ह्यूमध्ये 'वीस हजार' म्हणाले, ऑफर लेटरवर वर्षाचा सीटीसी 2,40,000 लिहिलाय. दोन वर्षांचा बॉण्ड आहे. जॉइन होताना दहावीची आणि डिप्लोमाची ओरिजिनल मार्कशीट जमा करायची आहे. बाबा म्हणतात, जास्त विचारू नको, हातची नोकरी जाईल. काय करू? — एक वाचक, सिन्नर

आधी तुझं अभिनंदन. आता तुझ्या बाबांच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. घरात पहिल्यांदाच कुणाला असं पत्र येतं तेव्हा सगळ्यांचा जीव मुठीत असतो. पण मी शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या, त्यात 'पगारात काय काय कट होईल?' असं विचारलं म्हणून मी एकाचंही पत्र मागे घेतलं नाही. उलट जी मुलं गप्प राहून जॉइन झाली, त्यातली कितीतरी पहिला पगार बघून पुढच्या महिन्यात यायचीच बंद झाली. आमचाही वेळ गेला, त्यांचाही.

दोन लाख चाळीस हजारांना बाराने भागलं की वीस हजार येतात, पण ते तुझ्या हातात पडणार नाहीत. सीटीसी म्हणजे तुझ्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. समज, तुझा बेसिक, म्हणजे मूळ पगार, 12,000 आहे. त्यावर कंपनीने भरायचा पीएफ 12 टक्के, म्हणजे 1,440. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के धरतात, ते 577. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा, कंपनीचा वाटा बेसिकवर नाही, ग्रॉसवर (कपातीआधीच्या पगारावर) 3.25 टक्के, साधारण 566. हे सगळं त्या वीस हजारांतच बसवलेलं असतं. राहिले 17,417, हा तुझा ग्रॉस. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा 1,440 आणि ईएसआयसीचे 0.75 टक्के, म्हणजे 131 कापले जातील. उरतात 15,846. मुलगा असता तर व्यवसाय कराचे आणखी 200 गेले असते. महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. बस आणि कँटीनचे पैसे कापत असतील तर ते वेगळे. तुझ्या पत्रातला बेसिक वेगळा असेल, पण हिशेब याच वाटेने जातो. पत्राच्या मागे पगाराची फोड जोडलेली असते, ती घेऊन वडिलांबरोबर बस आणि एकेक ओळ दोघं मिळून करा.

कापले गेले म्हणजे बुडाले असं मात्र समजू नकोस. पीएफचे दोन्ही वाटे तुझ्याच कामाला येतात, फक्त कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. ईएसआयसीमुळे सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात तुझी सोय होते, आणि आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर नियमात बसून त्यांचीही होते. महिना 21,000 च्या आत पगार असलेल्यांसाठी ही सोय आहे आणि तिची किंमत घरात कुणी आजारी पडल्यावर कळते.

एक बारीक गोष्ट, पण मुलं तिथेच अडकतात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं अक्षर. पीएफचा बारा अंकी यूएएन, म्हणजे खात्याचा कायमचा नंबर, एकदाच तयार होतो आणि जन्मभर तोच चालतो. त्यात नाव चुकलं तर नोकरी बदलताना पैसे अडकून बसतात. जॉइनिंगचा फॉर्म भरताना नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच लिही.

आता मार्कशीट. ओरिजिनल कागद जमा करू नकोस. दाखव, पडताळून घ्यायला सांग, स्वतःच्या सहीच्या झेरॉक्स दे आणि ओरिजिनल त्याच दिवशी परत आण. हे मी नियम म्हणून सांगत नाही, भोगलंय म्हणून सांगतो. 1987 साली अंबडच्या एका छोट्या कारखान्यात मी माझ्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट असंच जमा केलं होतं. वर्षभरात दुसरीकडे बरी नोकरी लागली. मालक म्हणाले, माणूस मिळाला की कागद देतो. चार महिने मी दर शनिवारी सायकल मारत जायचो आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून रिकाम्या हाताने परत यायचो. ती दुसरी नोकरी तोवर थांबली नाही. त्या बाकावर बसलेला मी आजही आठवला की, माझ्या हाताखाली कुठल्याही पोराचा ओरिजिनल कागद कपाटात राहू दिला नाही याचं समाधान वाटतं.

बॉण्डचं असं आहे की, कंपनी तुला खरोखर काही महागडं शिकवणार असेल, बाहेर ट्रेनिंगला पाठवणार असेल, तर तो खर्च वसूल होईपर्यंत थांब असं म्हणण्यात काही अर्थ आहे. पण नुसतं कामावर ठेवून 'मध्येच सोडलं तर पन्नास हजार भर' हे वाजवी नाही. रक्कम किती, कशापोटी, आणि कंपनीनेच काढलं तर काय, एवढं वाचल्याशिवाय सही करू नकोस. आणि सही केलीस की एक प्रत मागून घे.

विचारायचं कसं? फोन कर आणि सरळ म्हण, 'मॅडम, मला जॉइन व्हायचंच आहे. हातात किती पडतील आणि बॉण्डची रक्कम कशापोटी आहे, तेवढं सांगाल का? मार्कशीट मी दाखवायला आणते, जमा नाही करणार.' पहिलं वाक्य आधीच म्हण. समोरच्याचा आवाज तिथेच बदलतो. एवढ्यावर जी कंपनी चिडेल, तिथे उद्या सुट्टी मागताना काय होईल याचा अंदाज तुला आजच आला असं समज.

सर, मी पंचवटीत राहतो. बीई मेकॅनिकल होऊन आठ महिने झाले. पोर्टलवर शेकड्याने अर्ज केले, कुठूनच फोन नाही. आता एक कन्सल्टंट पंधरा हजार मागतोय, अंबडमध्ये नोकरी पक्की म्हणतो. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा घरातून बाहेर पडू नये असं वाटतं. — एक वाचक, पंचवटी

पंधरा हजार देऊ नकोस. माणूस शोधून दिल्याचे पैसे कंपनी देते, नोकरी मागणाऱ्याने द्यायचे नसतात. 29 वर्षांत आम्ही एकाही नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्या असं कुणाला सांगितलं नाही. पैसे घेऊन 'पक्की' केलेली नोकरी पुष्कळदा ठेकेदाराच्या हजेरीवरची निघते. ती तुला गेटवर जाऊन फुकट मिळाली असती.

तू अर्ज कुठे करतोस ते लिहिलं नाहीस, पण बहुतेक मुलं मायको सर्कलपासून त्र्यंबक रोडने पुढे दिसणाऱ्या मोठ्या पाट्यांनाच अर्ज करतात. त्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग जिथे बनतात ते मागच्या गल्ल्यांत असतं. वीस-पंचवीस माणसांचं मशिन शॉप, प्रेस शॉप, हीट ट्रीटमेंट, टूल रूम. तिथला मालक पोर्टलवर जाहिरात टाकत नाही. त्याला माणूस हवा असतो तेव्हा तो फोरमनला म्हणतो, कुणी असेल तर बघ. त्या फोरमनपर्यंत तुझं नाव जायला हवं. आठवड्यातले दोन दिवस ठरव, सकाळी दहा-साडेदहाला जा. शिफ्ट बदलायच्या वेळी नको, तेव्हा कुणालाच वेळ नसतो. एका बाजूने गल्ली धर. वॉचमनशी नीट बोल. आत कोणाला भेटायचं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. बायोडेटा एक पान. वर मोठ्या अक्षरात फोन नंबर आणि काय येतं ते: ड्रॉइंग वाचता येतं, व्हर्नियर-मायक्रोमीटर वापरता येतं, ऑटोकॅड येतं. 'मेहनती व प्रामाणिक' हे काढून टाक, ते सगळेच लिहितात. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांमध्येही चौकशी कर.

आणि अप्रेंटिसशिप कमी समजू नकोस. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवार घेणं बंधनकारक आहे. पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी 'नॅट्स' या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी होते. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिना किमान 9,000 आणि डिप्लोमाला 8,000 असं विद्यावेतन ठरवलं गेलं. पैसे थोडे आहेत, पीएफ नसतो आणि पुढे कायम करण्याचं बंधन कंपनीवर नाही, हेही माहीत असू दे. तरी घरी बसून नववा महिना घालवण्यापेक्षा मोठ्या कारखान्यात वर्षभर आत असणं मला फार मोलाचं वाटतं. पुढच्या मुलाखतीत तुला सांगायला काहीतरी असेल.

शेजाऱ्यांचं. 'काय करतोस?' याला 'शोधतोय' एवढंच उत्तर दे आणि लगेच विचार, 'तुमच्या ओळखीत अंबडला कुणी आहे का?' त्या प्रश्नातून पोरांना नोकऱ्या लागलेल्या मी पाहिल्यात.

मी सातपूरच्या एका कंपनीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागून एक महिना झाला. लाइनवरचे ऑपरेटर वडिलांच्या वयाचे. मी काही सांगायला गेलो की 'हो साहेब' म्हणतात आणि आपलं तेच करतात. मागून हसतात असंही वाटतं. वचक कसा बसवू? — एक वाचक, पाथर्डी फाटा

वचक बसवायचा विचार सोड, बाळा. महिन्याभरात तू त्यांना काय सांगायला जातोस? त्यांना विचारायला जा.

माझा दुसरा महिना होता. पन्नास मिलीमीटरच्या शाफ्टचा लॉट चालू होता. लेथवरून पीस निघाला की मी तिथल्या तिथे मायक्रोमीटर लावायचो आणि वहीत आकडा लिहायचो. सगळे आकडे हद्दीत, पण खालच्या टोकाला चिकटलेले. लेथवर निफाडचे एक कारागीर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी दोन-तीन दिवस पाहिलं. मग एक पीस सुताच्या वेस्टने पुसला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, 'साहेब, कसा लागतो?' गरम होता. 'असाच ठेवा. चहा पिऊन या, मग मापा.' चहा पिऊन आलो, तोच पीस तोच मायक्रोमीटर, आणि माप खालच्या हद्दीच्याही खाली. एवढ्या स्टीलच्या शाफ्टचं तापमान तीस अंशांनी चढलं की तो सुमारे सतरा मायक्रॉन फुगतो. मोजमाप 20 अंश सेल्सिअसला धरायचं असतं हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. ते हाताला पहिल्यांदा त्या दिवशी कळलं. दोन दिवसांचा माल पुन्हा मोजावा लागला, मी सुपरवायझरला जाऊन स्वतः सांगितलं.

मामांना हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मग आधी का नाही सांगितलं, असं मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, 'तुम्ही विचारलं नाही.' त्यात राग नव्हता. नवीन पोरगा कागदावर सही करणारा, आपण मशिनवर उभे. न विचारता सांगायला गेलं तर उलट ऐकावं लागेल, असा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो.

तेव्हा उद्या एका मशिनपाशी उभा राहा. सगळ्या लाइनवर फिरू नकोस. 'काका, टूल बदलायचं हे तुम्हाला कशावरून कळतं?' एवढं विचार. कुणी आवाज म्हणेल, कुणी बुरादा कसा सुटतो ते दाखवेल, कुणी पीसचा पृष्ठभाग बोटाने चाचपायला लावेल. वहीत लिही, त्यांच्यासमोर लिही. आणि त्यांची काही अडचण असेल, कूलंट वेळेवर येत नाही, पंखा बंद आहे, गेज झिजलाय, तर ती एक अडचण तू वर सांगून सोडव. 'हो साहेब'चा सूर त्यानंतर बघ. हसण्याचं मनावर घेऊ नकोस. आठ तास एका जागी उभं राहणारी माणसं हसतात, ती सगळी तुझ्यावर नसतात.

मुलाला नाशिकमध्ये 16 हजारांची नोकरी मिळतेय आणि चाकणला 21 हजारांची. मिस्टर म्हणतात पुण्याला जाऊ दे, माझं मन घेत नाही. तुम्ही सांगा. — एक आई, नाशिक रोड

ताई, पाच हजारांचा फरक खोलीभाडं आणि मेसमध्येच संपतो, म्हणून पैशांवर हे ठरवू नका. कुठल्या ठिकाणी काम शिकायला जास्त मिळेल हे बघा. तुमच्या पत्रात तुमचं मत आहे, मिस्टरांचं आहे, मुलाचं नाही. त्याला एकट्याला विचारा. जेवताना नको, तेव्हा सगळं घर समोर असतं. संध्याकाळी भाजी आणायला बरोबर घेऊन जा आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. जायचं ठरलंच तर पहिला पगार हातात यायला महिना-सव्वा महिना जातो. तोवरचं डिपॉझिट, भाडं आणि मेस घरूनच द्यावं लागेल. तेवढे पैसे आत्तापासून बाजूला काढा.