वाचकांचे प्रश्न : बाबांची रायफल, पॉलिश पेपर आणि जवसाचं तेल

प्रश्न : काका, बाबा मागच्या वर्षी गेले, त्यांची जुनी बोल्टवाली रायफल आता रीतसर माझ्या लायसनवर आली आहे. मोहल्ल्यात सगळे म्हणून राहिले की ही मिलिटरीची थ्री नॉट थ्री, पण लायसनवर .315 लिहिलंय. खरं काय समजायचं? बॉडीवर बारीक गंज दिसतो, पॉलिश पेपर मारू का?
(एक वाचक, महाल)

उत्तर : भाऊ, पॉलिश पेपर आधी घराबाहेर ठेवा. त्या लोखंडावर ठोकलेली अक्षरं हीच तिची ओळख, ती घासून गेली तर परत येत नाहीत, आणि नंबर मिटवणं हा आर्म्स ॲक्टखाली गुन्हा पण आहे. कपडा तेलात बुडवून हळू हळू पुसा, चार दिवस लागले तर लागू द्या.

आता ओळख. मॅगझिन काढा, बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, खाली आहे याची खात्री झाली की मगच पुढचं. बोल्टच्या मागे जिथं लाकडी बट सुरू होतो तिथल्या लोखंडी पट्ट्यावर उजव्या बाजूला शिक्के असतात. मुकुट, त्याखाली जीआरआय, इशापूर आणि साल असेल तर ती इंग्रजांच्या काळात बंगालच्या इशापूर फॅक्टरीत बनली, नुसतं जीआर आणि एनफिल्ड किंवा बीएसए असेल तर विलायतेची, आणि अशोकस्तंभाचे सिंह व आरएफआय असेल तर स्वातंत्र्यानंतरची इशापूरची. मिलिटरीच्या थ्री नॉट थ्रीचं लाकूड पार तोंडापर्यंत जातं, पुढून ती चपटी बोथट दिसते, मॅगझिन 10 राउंडचं. .315 स्पोर्टिंग रायफल पण इशापूरचीच, मेकॅनिझम त्याच ली-एनफिल्डचा, म्हणून तर मोहल्ला फसतो, पण तिचं लाकूड अर्ध्यावर संपतं, पुढची नळी उघडी असते आणि मॅगझिन 5 राउंडचं. थ्री नॉट थ्री आपल्याकडे प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापाची आहे, साध्या लायसनवर मिळत नाही, त्यामुळे तुमची .315 च असणार असं मला वाटतं. तरी शिक्का आणि नंबर लायसनशी जुळवा, आणि जुळत नसेल तर घरात ठेवून विचार करत बसू नका, सरळ पोलीस ठाण्यात जाऊन सांगा. अजून एक, बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच पाहिजे. दुसऱ्या रायफलचा बोल्ट बसला म्हणून चालतो असं अजिबात नाही, काडतुसाच्या मागची जागा कमीजास्त झाली तर काडतुसाचं पितळी कवच फुटून गॅस तोंडावर येतो.

प्रश्न : मी होमगार्डमध्ये होतो. फायरिंगवरून आलो की उस्ताद नळीत उकळतं पाणी ओतायला लावायचे. लोखंडात पाणी, हे कसं बरोबर?
(एक वाचक, कामठी)

उत्तर : उस्ताद शंभर टक्के बरोबर होते. जुन्या मिलिटरी राउंडच्या कॅपमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की नळीत एक प्रकारचं मीठ उरतं, आणि मीठ हवेतली ओल ओढतं हे आपल्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात दिसतंच. ते तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. नुसतं तेल मारलं तर मीठ तेलाखाली बसून राहतं आणि जुलैत नागपूरची दमट हवा लागली की नळी आतून खाल्ली जाते, बाहेरून चमकतेच. म्हणून आधी गरम पाणी, मग पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंधी लावून ती स्वच्छ निघेपर्यंत ओढायची, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. बोल्टचं तोंड पण तसंच धुवायचं, ते लोक विसरतात. आणि कॅनव्हासच्या कव्हरमध्ये रायफल कायमची ठेवू नका, कव्हर ओल धरून ठेवतं.

प्रश्न : नातवाच्या एनसीसीतल्या रायफलवर डीपी लिहिलंय म्हणतो, म्हणजे काय?
(एक आजोबा, प्रतापनगर)

उत्तर : ड्रिल पर्पज. ती फक्त कवायतीसाठी, त्यातून राउंड कधीच मारायचा नाही.

प्रश्न : बटचं लाकूड उन्हाळ्यात कोरडं पडून तडकायला लागलंय, वॉर्निश लावू?
(एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर : वॉर्निश नको, ते वर पापुद्रा धरतं आणि सोलून निघतं. फौजेत जवसाचं कच्चं तेलच लावायचे, आणि आपण विदर्भातले, जवस आपल्या शेतातलं पीक, घाणीवरचं शुद्ध तेल मिळतं. तळहातावर थोडंसं घ्यायचं, लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसून टाकायचं आणि दुसरा हात पहिला नीट सुकल्यावरच. मे महिन्यात 45 डिग्रीला लाकूड आकसतं, तेव्हा स्क्रू ढिले वाटले तरी जोर लावून आवळू नका, तडा तिथूनच जातो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, अंगणात एकेक पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.