‘पूर्ण जोर लावला नाही’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अपंगत्वाच्या लाभासाठी होणाऱ्या शारीरिक क्षमता चाचण्या नुकत्याच पाहिल्या. एकाच्या अहवालात ‘पूर्ण जोर लावला नाही’ असा शेरा पडला आणि सगळ्यांनी त्याला नाटकी ठरवलं. हे काम म्हणजे पोलिसगिरीच का? यात करिअर करावं का?

उत्तर : जरूर कर, पण आधी तो शेरा वाचायला शिक.

पकडीची ताकद मोजताना डायनॅमोमीटर तीनदा दाबायला लावतात. समज, आकडे आले २८, १९, २५ किलो. सरासरी २४, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले, त्याचं माप) त्याच्या सुमारे १९ टक्के. पुष्कळ ठिकाणी १५ टक्क्यांपलीकडे गेलं की ‘प्रयत्नात सातत्य नाही’ असं लिहून मोकळे होतात. सातत्य नाही, हे बरोबर. पण का नाही, ते आकड्यात कुठे आहे? पहिल्यांदा दाबताना कळ आली असेल, भीती बसली असेल, सूचना नीट कळली नसेल. मुद्दामही केलं असेल, नाही असं नाही. नाडी फारशी चढली नाही हाही जोर न लावल्याचा पुरावा मानतात. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध, चालू असेल तर ती चढणार कशी? म्हणून औषधांची यादी आधी बघायची.

कंबरदुखीच्या रुग्णाला तपासताना बघायच्या ‘वॉडेलच्या खुणा’ असतात, गॉर्डन वॉडेल या अस्थिशल्यचिकित्सकाच्या नावाच्या. त्यांचंही असंच झालं. १९८० साली त्या मांडल्या गेल्या, त्या दुखण्याची मानसिक बाजूही तपासावी म्हणून. लोकांनी त्यांचा सोंग पकडायचा सापळा केला आणि हा वापर चुकीचा आहे, हे पुढे खुद्द वॉडेल यांनाच लिहावं लागलं.

दुसरी गफलत वेळेची. दहा किलोचा खोका चाचणीत चारदा उचलला, हे तू पाहिलंस. तोच माणूस रोज आठ तास, आठवड्यातले पाच दिवस उचलेल, हा तुझा अंदाज झाला. काही आजारांत, उदाहरणार्थ क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये (दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याच्या आजारात), श्रमाचा फटका दुसऱ्या दिवशी बसतो. तो अहवालात येणार कुठून?

पदवीनंतर दोन-तीन वर्षं पुनर्वसन विभागात रुग्ण हाताळ, मगच या चाचण्यांचं प्रशिक्षण घे. संख्याशास्त्र टाळू नकोस. लाभ द्यायचा की नाही हे तू ठरवणार नाहीस, पण ठरवणारा तुझंच वाक्य वाचणार. ‘आठ किलोला श्वास रोखला, डावीकडे झुकला, थांबतो म्हणाला’ असं लिहिता आलं पाहिजे.

तो अहवाल पुन्हा बघायला मिळाला तर शेऱ्याखाली कारण लिहिलंय का, ते बघ.