भावाच्या बीट्स, मित्राचा अल्बम आणि आईचा हक्क

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हिप-हॉपसाठी बीट्स, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, करायचा. गेल्या वर्षी अपघातात गेला. लग्न झालेलं नव्हतं, मृत्युपत्र नाही. त्याच्या अल्बमचं काम अर्धवट राहिलं होतं. सहा बीट्स पूर्ण होत्या, तीनचे नुसते लूप (पुन्हापुन्हा वाजणारे छोटे तुकडे). हार्ड डिस्क त्याच्या रॅपर मित्राकडे होती, लॅपटॉप आमच्या घरी आहे. मित्राने उरलेलं काम पूर्ण करून दोन महिन्यांपूर्वी नऊ गाण्यांचा अल्बम सगळ्या ॲप्सवर टाकला. मुख्य कलाकार म्हणून स्वतःचं नाव, भावाचं फक्त 'फीचरिंग'मध्ये, आणि हक्क त्याच्या लेबलच्या नावावर. जाब विचारला तर भावाचा एक व्हॉट्सॲप मेसेज दाखवतो : "हे तू फिनिश कर, माझ्याच्याने होईना." शिवाय दोन बीट्सचे 'सर्व हक्क' पंधरा हजारांना दिल्याचा, भावाची सही असलेला एक कागदही त्याच्याकडे आहे. बाबा म्हणतात पोलिसांत जाऊ. आई म्हणते गाणी राहू देत, निदान ऐकता तरी येतात. मला वाटतं केस करावी. काय करू?
– एक बहीण, पिंपरी

उत्तर : ताई, घरात तिघांची तीन मतं आहेत. कायदा त्यातलं एकच विचारात घेईल, आणि ते तुमचं नाही, बाबांचंही नाही.

तुमचं कुटुंब हिंदू आहे असं धरून लिहिते. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची मालमत्ता आधी वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्या यादीत पत्नी, मुलं आणि आई येतात, वडील येत नाहीत. वडील वर्ग दोनमध्ये पहिले, भाऊ-बहीण त्यांच्याही नंतर. भाऊ अविवाहित होता, म्हणजे त्याचं सगळं एकट्या आईचं झालं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे ते असं आहे. कॉपीराइट हीसुद्धा मालमत्ताच, त्यामुळे तोही त्याच वाटेने आईकडे गेला. अशा प्रकरणांत घाईघाईने वडिलांच्या नावाने नोटीस जाते आणि समोरचा वकील पहिल्याच उत्तरात विचारतो, "आपण कोण?" (कुटुंब मुस्लिम किंवा ख्रिस्ती असतं, किंवा गोव्यातलं असतं, तर हिशेब वेगळा झाला असता. तसं असेल तर हे उत्तर इथेच थांबवा आणि मला पुन्हा लिहा.)

तेव्हा पहिलं काम, आईच्या नावाने दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घ्या. आपल्याकडे ते आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतं. ॲप्सकडून किंवा वितरकाकडून भावाचे पैसे येणं बाकी असेल तर त्या रकमेसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्रही मागतील. धावपळ तुम्ही करणार असाल तर आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घ्या. सही तुमची चालेल, मर्जी मात्र तिचीच.

आता आईकडे नेमकं काय आलं ते पाहू. गाण्यात कायद्याच्या नजरेने तीन वेगळ्या वस्तू असतात : शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण. शब्द ज्याने लिहिले त्या रॅपरचे, त्यावर तुमचा हक्क नाही. संगीत भावाचं. मुद्रणाच्या बाबतीत कायदा 'निर्माता' म्हणतो तो मुद्रणासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला. सहा बीट्स भावाने घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या खर्चाने केल्या असतील तर त्यांचं संगीत आणि मूळ मुद्रण दोन्ही त्याचं. उरलेल्या तीनमध्ये लूप भावाचा, वरचे ड्रम्स आणि बेस मित्राचे. तिथे मित्राला काहीच हक्क नाही असं तुम्ही म्हणालात तर कोर्टात टिकणार नाही. त्याने घातलेली भर त्याची आहे. फक्त ती ज्याच्यावर उभी आहे ते संगीत दुसऱ्याचं होतं, आणि परवानगी घ्यायला हवी होती ती आईची.

हार्ड डिस्क त्याच्याकडे होती याला फार अर्थ नाही. वस्तू ताब्यात असली म्हणून तिच्यातला कॉपीराइट मिळत नाही. कॉपीराइट कायद्यातलं कलम २० एवढंच सांगतं की मृत्युपत्राने कुणाला अप्रकाशित रचनेचं हस्तलिखित दिलं, तर उलट काही लिहिलेलं नसल्यास कॉपीराइटही दिला असं समजायचं. इथे मृत्युपत्रच नाही.

व्हॉट्सॲपचा मेसेज मात्र हलक्यात घेऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हक्क कायमचा हस्तांतरित करायला सही केलेला लेख लागतो, कलम १९. वापरायची परवानगी देणारा परवाना नुसत्या लेखी स्वरूपात चालतो, कलम ३०. भावाच्या मेसेजला कोर्ट परवाना म्हणू शकतं. पण कशाचा? 'फिनिश कर' म्हणजे काम पूर्ण कर. स्वतःच्या लेबलवर, स्वतःचं नाव वर घालून जगभर विक, असा त्याचा अर्थ काढायला बरीच ओढाताण करावी लागेल. माझ्या मते हा मेसेज मित्राला 'चोर' या शिक्क्यापासून वाचवेल, मालक बनवणार नाही. पण तोच मेसेज पाहून न्यायाधीश तात्पुरता मनाई हुकूम द्यायला कचरतील, हेही आताच लक्षात ठेवा.

पंधरा हजारांच्या कागदाचं काय? त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. 'सर्व हक्क' असे दोन शब्द लिहून कायमचं आणि जगभरचं घेता येत नाही. कागद नीट वाचा, सहीखालची तारीख पाहा आणि पाच वर्षं मोजा. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लिहून देऊनही जात नाही. तो सोडता येतो फक्त वारसांच्या किंवा कॉपीराइट सोसायटीच्या, म्हणजे सभासदांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या, नावे. त्या दोन बीट्सच्या बाबतीतही आईच्या वाट्याला काहीतरी उरतंच.

तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतंय ते 'फीचरिंग', आणि तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कलम ५७ प्रमाणे कर्तृत्वाचं श्रेय मागण्याचा हक्क लेखकाचा, म्हणजे संगीतकाराचाही. त्याने कॉपीराइट विकला असला तरी हा हक्क राहतो, आणि तो गेल्यावर त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. ज्याने नऊच्या नऊ बीट्सचा पाया घातला त्याला पाहुणा कलाकार दाखवणं हे चुकीचं श्रेय आहे. त्याच कलमाखाली रचनेची मोडतोडही थांबवता येते, पण ती त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी असावी लागते. हाय-हॅट (ड्रम्समधल्या झांजा) बदलले, मिक्स चकचकीत केलं, आपल्याला आवडलं नाही, एवढ्याने भागत नाही.

अल्बमवर त्याचा फोटो आणि टोपणनाव वापरलं म्हणून वेगळा दावा करायचा विचार असेल तर सोडून द्या. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की प्रसिद्धीचा आणि खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसाने मिळत नाही. आपली ताकद कॉपीराइटमध्ये आहे, तिथेच उभं राहायचं.

हे नीट कसं करतात याचं उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या जे डिलाचं, तोही हिप-हॉपच्या बीट्स करणारा. दीर्घ आजारानंतर तो १० फेब्रुवारी २००६ ला गेला, त्याच्या ३२ व्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी. 'द शायनिंग' हा अल्बम तेव्हा अपुरा होता. तो पूर्ण केला त्याचा मित्र, ड्रमवादक कॅरीम रिगिन्सने, आणि त्याच ऑगस्टमध्ये तो बाहेर आला. नाव डिलाचंच राहिलं. पण दुसरी बाजूही ऐका. त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार मृत्युपत्राने त्याच्या हिशेबनिसाकडे होता, कर थकलेला होता, आणि त्याची आई मॉरीन यान्सी हिला मुलाच्या संगीताबद्दल परस्पर काही ठरवता येत नव्हतं. वर्षानुवर्षं कटकट चालली. तुमच्या आईची स्थिती त्या मानाने सोपी आहे. मध्ये कोणी नाही.

आता बाबांच्या पोलीस तक्रारीकडे येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे तक्रार करता येते. करू नका. मेसेज आणि सहीचा कागद हातात असलेल्या मित्राला आत टाकायला निघालात तर तुम्ही सूड उगवताय असं दिसेल, आणि पुढे ज्याच्याशी करार करायचा आहे तो माणूस कायमचा तुटेल.

ॲप्सना थेट नोटीस पाठवून गाणी खाली उतरवता येतात. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे तक्रार आल्यावर ३६ तासांत लिंक बंद करावी लागते, पण २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ती परत चालू करता येते. हत्यार धारदार आहे, पण आत्ता उपसू नका. आईला गाणी राहायला हवी आहेत, आणि मालक तीच आहे.

त्याऐवजी हे करा. घरचा लॅपटॉप उघडण्याआधी एखाद्या जाणकाराकडून पूर्ण प्रत काढून घ्या. एफएल स्टुडिओ या बीट्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टच्या माहितीत काम कधी सुरू केलं आणि त्यावर किती तास घातले हे नोंदलेलं असतं. कुतूहलाने फाईल उघडून सेव्ह केलीत तर ती नोंद तुमच्याच हाताने बिघडेल. प्रतीची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहून ठेवा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ती द्यावी लागते. ॲप्सवरच्या श्रेयनामावलीचे स्क्रीनशॉट आजच काढा. नोटीस गेली की ती रातोरात बदलते.

मग आईच्या नावाने वकिलाची नोटीस. मागण्या मोजक्याच ठेवा : मुख्य कलाकार आणि संगीतकार म्हणून भावाचं नाव, हक्काच्या ओळीत आईचं नाव, आतापर्यंतच्या उत्पन्नाचा हिशेब आणि पुढचा वाटा. सहा बीट्स आणि तीन लूप यांना एकच टक्केवारी लावू नका. लूपवाल्या तीन गाण्यांत मित्राला सढळ हाताने द्या, करार लवकर होईल. तो ऐकला नाही तर व्यावसायिक न्यायालयात दावा. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि तुमच्यासारख्या प्रकरणात ती उपयोगीही पडते. दावा आईच्या राहत्या ठिकाणी लावता येतो, मित्र मुंबईत असला तरी. नुकसानभरपाईसाठी मुदत उल्लंघनापासून तीन वर्षांची.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मालकाच्या परवानगीशिवाय बाहेर आलेली रचना, उल्लंघनाचा प्रश्न सोडला तर, कायद्याने 'प्रकाशित' मानली जात नाही. मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित होणाऱ्या संगीताचं संरक्षण प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं. म्हणजे आईने करार करून हाच अल्बम अधिकृत केला तर घड्याळ तिथून सुरू झालं असं म्हणायला जागा आहे.

सही करण्याआधी शेवटचं, आणि यात हलगर्जी नको : बीट्समध्ये जुन्या गाण्यांचे तुकडे आहेत का ते ऐकून घ्या. मित्राला विचारा, भावाबरोबर काम केलेल्या आणखी कुणाला विचारा. सॅम्पलची परवानगी घेतलेली नसेल तर आज दोष मित्राच्या लेबलचा आहे. हक्काच्या ओळीत आईचं नाव गेलं की उद्या जुन्या गाण्याच्या कंपनीची नोटीस तिला येईल. असं गाणं सापडलं तर ते करारातून वगळा, किंवा परवानगी मिळेपर्यंत तेवढं एक गाणं खाली घ्यायला लावा, आणि सॅम्पलची सगळी जबाबदारी मित्राची असं कलम लिहून घ्या. भाऊ इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचा, सभासद होता का तेही त्याच्या ईमेलमध्ये शोधा. असेल तर आईचं वारस प्रमाणपत्र तिथेही लावायचं आहे, आणि सोसायटीला दिलेले हक्क मित्राबरोबरच्या करारात पुन्हा द्यायचे नाहीत.