एसडब्ल्यूआर झकास, पण उत्तर कोणीच देत नाही!

प्रश्न: आम्ही पेडण्याकडचे. बाबा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले होते, त्यांचा ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली वायरची अँटेना, घरामागच्या दोन माडांना बांधलेला, ते गेल्यावर आठेक वर्षं तसाच लटकत होता. आता माझं स्वतःचं लायसन आलं म्हणून वायर उतरवली, पुसली, परत चढवली. ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं बरं) १.४ आणि गंमत म्हणजे १४ लासुद्धा १.५! तरी सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ अशी हाक, देऊन देऊन घसा सुकला, कोणी उत्तर देत नाही. रेडिओ गेला काय?

उत्तर: रेडिओ उघडू नका हो. त्या १४ च्या गमतीतच सगळं आलं. ४० चा डायपोल २१ ला चालून जातो, तीनपट पडते म्हणून, पण १४ ला त्याचा एसडब्ल्यूआर भयंकर यायला हवा. तो १.५ येतोय म्हणजे पॉवर वर जाते ती वाटेतच मुरते, आणि अँटेनावरून परत फिरलेली उरलीसुरली पण मुरते, मग मीटरला परत काही येतच नाही आणि तो खूश. दोषी रेडिओपासून अँटेनापर्यंतची तुमची केबल.

खात्री करायची तर केबल वरून सोडवा, टोक उघडंच ठेवा आणि अँटेना अॅनालायझर (एसडब्ल्यूआर मोजायचं यंत्र) कोणाकडून मागून आणून खालून मोजा. चांगल्या केबलला मीटर पार टोकाला जातो. तुमच्याकडे एसडब्ल्यूआर २ दाखवला तर समजा वर फक्त एक तृतीयांश पॉवर पोचते. मल्टिमीटरच्या भरवशावर राहू नका, भिजलेली केबलसुद्धा त्यावर पास होते. मग वरच्या टोकाकडून वीतभर कापून सोलून बघा, जाळी काळी-हिरवी निघाली की संपलं, आणखी कापत बसू नका, आठ पावसाळे आणि खारा वारा बाबांच्या केबलने खाल्लाय, ती पूर्ण बदला. जाड आरजी-२१३ केबल परवडली तर उत्तम, नाहीतर वीस-पंचवीस मीटरला चांगली बारीक आरजी-५८ ७ वर चालते.

तांब्याची वायर मात्र टाकू नका. सोल्डरच्या जागा चिंचेने घासा, घरात समया घासतात तशा, गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, मगच नवीन सोल्डर. लांबी परत मोजा, १४३ भागिले ७.१ म्हणजे एकूण २०.१ मीटर, प्रत्येक बाजू दहाच्या आसपास. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकेल.

आणि दोन्ही टोकं माडाला घट्ट बांधलीयत ना? वाऱ्याला माड डोलतो, वायर तुटते. एका बाजूला कप्पी लावून दोरीच्या टोकाला वजन सोडा. वर चढायचं काम पाडेल्याचं, तुमचं नव्हे, आणि विजेची तार जवळ असेल तर तो माडच सोडा.

नव्या केबलवर १४ ला मीटर वेड्यासारखा पळाला तर घाबरू नका, तसाच पळायला हवा. सीक्यू ७ वर द्या.