गॅस ऑगर की बॅटरी ऑगर: जानेवारीत दुरुस्त कोण करून देणार ते आधी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बर्फात भोक पाडायचं यंत्र, म्हणजे ऑगर, तुम्हाला घ्यायचाय; प्रश्न एवढाच की गॅसचा (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात) की बॅटरीचा. मित्राचा बॅटरीवाला ऑगर मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर उणे १५ फॅरनहाइटमध्ये पाचव्या भोकालाच बंद पडला. मित्र म्हणतोय सरळ गॅसचा घे. तुम्ही मात्र बॅटरीच घ्यायच्या विचारात आहात, कारण "३ वर्षांची वॉरंटी आहे, बॅटरीचं टेन्शन नाही." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझं डिस्क्लेमर. मी सॉफ्टवेअरवाला, बॅटरीतला तज्ज्ञ नाही. मिनेसोटात बरेच हिवाळे काढलेत आणि हाताचा, गॅसचा, बॅटरीचा असे तिन्ही ऑगर वापरलेत, एवढीच माझी पात्रता. कुठल्याही कंपनीकडून मला एक सेंटही मिळत नाही. बर्फाची जाडी, लायसन्स, माणशी गळाच्या दोनच लाइनी वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही.

मित्राच्या ऑगरबद्दल. तो बिघडलेला नसणार. तुम्हीच लिहिलंय की रात्रभर गाडीच्या ट्रंकमध्ये होता. लिथियम बॅटरी एवढी गारठली की आतलं द्रावण घट्ट होतं, अंतर्गत रोध वाढतो, आणि ब्लेडांनी बर्फात चावा घेतला की व्होल्टेज एकदम खाली बसतं. आतल्या सर्किटला वाटतं बॅटरी संपली, ते पुरवठा तोडून मोकळं होतं. चार्ज आतच असतो, नुसता बाहेर निघत नाही. तीच बॅटरी जॅकेटच्या आत अर्धा तास ठेवली असती तर बहुधा पुन्हा चालली असती. तळ्यावर नेताना मी बॅटरी ऑगरला लावून ठेवतच नाही. छोट्या कूलरमध्ये टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि शेजारी बॅटरी. कूलर गार ठेवायला असतो तसा ऊब धरायलाही चालतो. प्रोपेन हीटरसमोर मात्र ती शेकत ठेवू नका, लोक ठेवतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गारठलेली बॅटरी घरी आल्या आल्या चार्जरला लावायची नाही. शून्य सेल्सिअसच्या, म्हणजे ३२ फॅरनहाइटच्या खाली चार्ज केलं की लिथियम आत शिरण्याऐवजी ग्रॅफाइटवर धातूचा थर होऊन बसतं, आणि तेवढी क्षमता कायमची जाते. चांगले चार्जर गार बॅटरी घेतच नाहीत, दिवा लुकलुकवत बसतात. सगळे चार्जर चांगले नसतात. रात्रभर घरात राहू द्या, सकाळी लावा. उन्हाळाभर ठेवायची तर पूर्ण भरून नको, साधारण अर्ध्यावर ठेवा.

आता वॉरंटी.

माझा पहिला बॅटरी ऑगर नावाजलेला होता, वॉरंटी तुमच्यासारखीच, ऑनलाइन रजिस्टरही केलेला. दुसऱ्या हिवाळ्यात, ऐन जानेवारीत, चार्जरवर लाल-हिरवा-लाल असा दिवा लागू लागला आणि बॅटरी काही भरेना. बॅटरी खोलीच्या तापमानाला होती, हे मुद्दाम सांगतो, कारण कंपनीला फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि नंतरच्या प्रत्येक माणसाने परत तोच विचारला. पावती मागितली, दिली. सीरियल नंबरचा फोटो मागितला, दिला. दिव्याचा व्हिडिओ मागितला, तोही काढून पाठवला. मग निरोप आला की बॅटरी आमच्याकडे पाठवा, तपासून बदली देऊ.

खोका घेऊन कुरिअरच्या काउंटरवर गेलो. तिथल्या माणसाने फॉर्म भरता भरता सहज विचारलं, बॅटरी चालू आहे का? मी खरं ते सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. बिघडलेली लिथियम बॅटरी विमानाने जातच नाही आणि रस्त्याने पाठवायची तर तिचं खास पॅकिंग लागतं, ते काउंटरवर मिळत नाही. नियम अगदी बरोबर आहे, त्या माणसाची काही चूक नाही. म्हणून वॉरंटीवाल्यांना पुन्हा फोन केला, म्हटलं तुम्हीच ते पॅकिंग पाठवा. ते म्हणाले आम्ही पॅकिंग पाठवत नाही, अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. सेंटर दोन तासांवर. बर्फाच्या रस्त्याने तिथवर गेलो तर काउंटरवरचे आजोबा बॅटरी उलटीपालटी करून म्हणाले, "आम्ही इंजिनं बघतो. याच्यात आम्ही काय बघणार?" कंपनीच्या यादीत त्यांचं नाव कसं, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

परत फोन. नवी केस उघडली, कारण जुनी "ग्राहकाने वस्तू पाठवली नाही" म्हणून बंद झाली होती! सगळे फोटो पुन्हा. यावेळी कुणीतरी समजूतदार माणूस भेटला आणि म्हणाला, जुनी बॅटरी रिसायकलिंगला द्या, पावती पाठवा, आम्ही नवी पाठवतो. वाटलं, सुटलो. पण नवी बॅटरी स्टॉकमध्ये नव्हती. वेगळी विकत घ्यावी म्हटलं तर दुकानातही नाही, कारण त्या मॉडेलची बॅटरी त्या कंपनीशिवाय कुणी बनवत नाही आणि सीझनमध्ये सगळ्यांनाच जास्तीची हवी असते. फेब्रुवारीच्या अखेरीस वॉलआय या माशाचा सीझन बंद झाला. बॅटरी आली तेव्हा तळ्यावर बोटी फिरत होत्या. कागदोपत्री वॉरंटी पाळली गेली, माझ्याकडे तक्रारीला जागाच नाही.

त्याच महिन्यात शेजाऱ्याचा जुनाट टू-स्ट्रोक (गॅसचा) ऑगर सुरू होईना. गल्लीच्या टोकाला उन्हाळ्यात लॉनमोवर आणि हिवाळ्यात स्नोब्लोअर दुरुस्त करणारा एकजण आहे, त्याच्याकडे दिला. कार्ब्युरेटर साफ केला, डायफ्राम बदलला, आठवड्याच्या आत ऑगर परत तळ्यावर. उरलेला सीझन मी त्याच शेजाऱ्याच्या भोकांतून मासे धरले आणि बदल्यात त्याला रवा लावून तळलेला वॉलआय खिलवला. (आगळ आणि तिखट लावून वॉलआय सुरमईइतका नाही तरी बऱ्यापैकी जमतो. तुकडे जाड ठेवा, हा मासा नाजूक आहे.)

तर माझं मत असं: गॅस की बॅटरी हा प्रश्न दुसरा. ऐन सीझनमध्ये बंद पडला तर चार दिवसांत तो चालू कोण करून देणार, हा पहिला. गॅसला उत्तर गावोगावी आहे. ऑगर कंपनीच्या स्वतःच्या बॅटरीला उत्तर एकाच फोन नंबरवर आहे, आणि तो फोन कोण उचलतो ते मी वर लिहिलंय. सगळ्यांना असाच अनुभव येतो असं अजिबात म्हणत नाही. माझ्या ओळखीत एकाला तीन दिवसांत बदली मिळाली आहे. घेण्याआधी दुकानात एवढंच विचारा: ही बॅटरी उद्या गेली तर तुम्ही काउंटरवर बदलून देता का? "कंपनीला फोन करा" म्हणाले की समजून घ्या.

एवढं बोलूनही तुम्हाला गॅसचा घ्या असं मी सांगणार नाही.

तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता. बहुतेक लीजमध्ये पेट्रोलचा कॅन घरात ठेवायला मनाई असते, आणि नसली तरी कोटांच्या कपाटात टू-स्ट्रोकचा वास पसरला की घरातून मनाई होईल. शिवाय पेट्रोलात ऑइल ४०:१ की ५०:१, जे मॅन्युअलमध्ये असेल ते मोजून मिसळायचं. मिनेसोटात साध्या पेट्रोलमध्ये कायद्यानेच १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरतं, आणि ऑगर सहा-आठ महिने पडून राहिला की कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ साचते. छोट्या इंजिनांसाठी विनाइथेनॉलचं प्रीमियम मिळतं, पंपावर त्याला नॉन-ऑक्सी म्हणतात. गॅसचा घेतलाच तर तेच भरा आणि मार्चमध्ये टाकी व कार्ब्युरेटर कोरडे होईपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवा. सेकंडहँड गॅस ऑगर "फक्त कार्ब साफ करायला हवाय" म्हणून विकायला दिसतात, ते खरंही असतं. पण ते काम तुम्हाला जमतं का ते बघा.

आणि बर्फावर लावलेल्या तंबूच्या आत गॅस ऑगर सुरू करायचा नाही, एक भोक पाडायलासुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) वास नसतो. तंबूत प्रोपेन हीटर लावणार असाल तर गॅस घ्या नाहीतर बॅटरी, सीओ अलार्म सोबत हवाच. वीस-तीस डॉलरची वस्तू आहे, त्यात काटकसर नको.

प्रोपेनवर चालणारेही ऑगर आहेत. ऑइल मिसळायची कटकट नाही, पण कडाक्याच्या थंडीत सिलिंडरचा दाब पडतो. तुमच्यासाठी नाही, पुढे चला.

व्यासाबद्दल तुम्ही १० इंच म्हणता. कशाला? भोकाचा बर्फ व्यासाच्या वर्गाने वाढतो. ८ इंचाच्या भोकाला साधारण ५० चौरस इंच कापायचे, १० इंचाला ७८. दोन इंचांपायी दर भोकाला ५६ टक्के जास्त बर्फ, म्हणजे बॅटरी तेवढीच लवकर संपणार. क्रॅपी, ब्लूगिल, पर्च अशा छोट्या माशांना ६ इंच पुरतात. वॉलआय आणि बहुतेक नॉर्दर्न पाइक ८ मधून आरामात येतात. लेक ऑफ द वूड्सवर मोठ्या पाइकमागे जाणार असाल, बर्फ अडीच-तीन फूट असेल आणि दिवसभर भोकं पाडत फिरायचं असेल, तर १० इंची गॅस ऑगरला अर्थ आहे. सोबत ऑगरचा दांडा लांबवणारं एक्स्टेंशनही लागेल. मिनेटोंका तळ्यावर चालत जाऊन दुपारभर बसणाऱ्याला नाही. खोक्यावर "एका चार्जमध्ये इतके इंच" असं लिहिलेलं असतं, तो आकडा मी सरळ निम्मा धरतो आणि मग बर्फाच्या जाडीने भागतो.

माझी सध्याची जोडी अशी: हलका ८ इंची बिट (ऑगरचा नुसता ब्लेडवाला दांडा) आणि साधी ब्रशलेस ड्रिल. ड्रिलला अर्धा इंची चक (बिट पकडणारा जबडा) हवा, बाजूचा हँडल हवाच, आणि बॅटरी ५ अँपिअर-अवरच्या खालची नको. फायदा उघड आहे. बॅटरी गेली तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दुसरी उचलायची, रविवारीसुद्धा. उन्हाळ्यात तीच बॅटरी घरातल्या कामांना. सगळं मिळून १५ पौंडांच्या आत बसतं. गॅसवाले ३० च्या आसपास जातात, आणि स्लेड (बर्फावरून सामान न्यायची घसरगाडी) ओढताना हा फरक खांद्याला कळतो. वाईट बाजूही सांगतो. बिट अडकला तर ड्रिल मनगट पिरगाळते, म्हणून दोन्ही हात आणि लो गिअर. दोन फुटांवर बर्फ गेला की ड्रिल तापते, मध्ये थांबावं लागतं. आणि ड्रिलच्या खाली ती गोल प्लेट लावल्याशिवाय एकही भोक पाडू नका. चक ढिला झाला की बिट थेट तळाशी जातो. प्लेट असली तर भोकाच्या तोंडावर अडतो.

ब्लेडांबद्दल कुणी बोलत नाही आणि निम्म्या "बॅटरी कमजोर आहे" तक्रारी ब्लेडांच्या असतात, असा माझा संशय आहे. बोथट ब्लेड कापत नाही, घासतं, आणि मोटर फुकट राबते. भोक झालं की ऑगर बर्फावर आपटून झटकणारे लोक तुम्ही पाहिले असतील. तसं करू नका, धार तिथेच जाते. ओलं ब्लेड उबदार तंबूतून बाहेर नेलं की धारेवर बर्फाची पातळ फिल्म गोठते. मग ऑगर गरगर फिरतो आणि बर्फाला काही होत नाही. अशा वेळी दोष बॅटरीला देऊ नका, बोटाने नाही, लाकडाच्या तुकड्याने ती फिल्म काढा. बदलताना दोन्ही ब्लेडं एकदम बदला.

आणि काहीही घ्या, ६ इंची हँड ऑगर स्लेडमध्ये टाकून ठेवा. डिसेंबरच्या चार-सहा इंच बर्फाला तो मिनिटभरात जातो. २०२३-२४ सारखा उबदार हिवाळा आला, बर्फ धरलाच नाही, तर अख्खा सीझन त्याच्यावरच निघतो. मित्राचा ऑगर बंद पडला त्या दिवशी तुमच्याजवळ तो असता तर तुम्हाला ही पोस्ट लिहावीच लागली नसती.

घरात आधीच कुठली ड्रिल आहे ते मॉडेल नंबरसकट लिहा, चकचा फोटोही टाका. मग कुठला बिट बसेल ते सांगतो. तोवर सेलमध्ये काही घेऊ नका.