९ एमएम असताना नाटोला ५.७ एमएमची एवढीशी गोळी कशाला हवी होती?

तुम्ही विचारलंय की ९ एमएमची गोळी (हा आकडा गोळीच्या जाडीचा) चांगली जाडजूड असताना ही ५.७ एमएमची काडी कशाला काढली. एका शब्दात उत्तर, जॅकेट, म्हणजे बुलेटप्रूफवालं.

९ एमएम ही बंदुका बनवणाऱ्या गेओर्ग लुगरची, १९०२च्या आसपासची, तेव्हा समोरच्याच्या अंगावर नुसता कोट असायचा. पुढे सोव्हिएत सैनिकांच्या अंगावर टायटॅनियम आणि केवलारची (एक मजबूत धागा) जॅकेटं यायला लागली आणि शिशाची गोळी त्यावर चपटी व्हायची, मग ड्रायव्हर, रेडिओवाला, तोफेवरचा माणूस, ज्यांच्याकडे धड रायफल नसते त्यांनी काय करायचं? म्हणून नाटोने नवीन काडतूस मागितलं आणि बेल्जियमच्या एफएन या शस्त्र कंपनीने १९९० मध्ये पी९० गनसोबत ५.७ आणलं.

खरी गंमत याच काडतुसाचं पिस्तूल करताना झाली. हे काडतूस लांब, साधारण ४० मिमी, ९ एमएमचं ३० पण भरत नाही, आणि पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी) मुठीतच बसवावं लागतं, म्हणजे मूठच हातात मावेना. मग गोळीच २.७ मिमीने आखूड केली. आधी आत प्लास्टिक होतं, आता पुढे स्टीलचं टोक आणि मागे अॅल्युमिनियम. वजन फक्त २ ग्रॅम, ९ एमएमच्या पाव, पण पी९०च्या नळीतून वेग सेकंदाला ७०० मीटरच्या वर म्हणजे जवळपास दुप्पट. सगळा जोर बारीकशा टोकावर येतो म्हणून जॅकेट फाटतं. पिस्तुलाची नळी आखूड, तिथे वेग पडतोच, आणि जाहिरातीत नेमकं हेच कोणी मोठ्याने सांगत नाही.

मग जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने ४.६ एमएम आणलं. २००२-०३ मध्ये नाटोने दोन्ही तपासली, तज्ज्ञांचा कौल ५.७ला, पण जर्मनी अडून बसली आणि सगळं बोंबललं. ५.७ला नाटोचा शिक्का मिळाला तो थेट २०२१ मध्ये! तोवर ज्या सोव्हिएत सैन्यासाठी हा खटाटोप ते राहिलंच नव्हतं, आणि अमेरिकन आर्मीने २०१७ मध्ये नवीन पिस्तूल घेतलं ते परत ९ एमएमच. माझ्या मते बरोबरच केलं, पिस्तूल लढाईत क्वचित चालतं, त्यासाठी वेगळ्या गोळ्यांची सप्लाय लाइन कोण सांभाळणार.

आपल्या पुण्यातही याच विचाराचं काम झालंय बरं का, पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेने ५.५६ बाय ३० एमएमची (गोळीची जाडी बाय पुंगळीची लांबी) छोटी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, केली आणि तिची काडतुसं खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत बनतात. पण ती कार्बाइन, पिस्तुलाला आपल्याकडे पण ९ एमएमच.